"ताई, पाय दुखतोय" म्हणणाऱ्या मुलीला आधी काय विचारायचं

माझा कथकचा क्लास डोंबिवलीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. कुणी मुलगी तत्कार (तालावर पाय मारणं) करता करता पाय धरून खाली बसली, की पूर्वी मी बामची बाटली पुढे करायचे आणि "आज बसून बघ" म्हणायचे. आता आधी तिला जिन्यात नेते आणि हळूच विचारते, "पाळी शेवटची कधी आली होती?" नव्या मुली गोंधळतात. एकीने तर मलाच समजावलं होतं, "ताई, पाय दुखतोय, पोट नाही."

मला हा प्रश्न कुणी वेळेत विचारला नव्हता. वीस वर्षांची होते, गांधर्व महाविद्यालयाच्या विशारद परीक्षेची तयारी चालली होती. रोज चार तास रियाज, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, आणि चुडीदार अंगावर नीट दिसला पाहिजे म्हणून रात्रीचं जेवण जवळजवळ बंद. उजव्या पंज्यावर, दुसऱ्या बोटाच्या मागे दुखायला लागलं. आधी फक्त चौगुणीत, म्हणजे चौपट वेगात, मग ठायलयीत, म्हणजे अगदी संथ लयीत, मग स्टेशनचा जिना उतरताना. पहिला एक्सरे स्वच्छ आला. मुरगळलं असेल म्हणून तेल, गरम पाणी, क्रेप बँडेज आणि वेदनाशामक गोळ्या, असे तीन आठवडे गेले. दुसऱ्या एक्सरेत त्या हाडाला गाठीसारखा फुगवटा दिसला. हाडाला केसाएवढी चीर गेली होती आणि ते बिचारं स्वतःच ती भरत बसलं होतं. हे दुसरे डॉक्टर जरा वेगळे निघाले. त्यांनी आईला दोन मिनिटं बाहेर बसवलं आणि पाळीचं विचारलं. सात महिने आली नव्हती. घरी कुणाला पत्ता नव्हता आणि मला तर ती सोयच वाटत होती. कार्यक्रमाच्या तारखेची धास्ती नाही, गणपतीत अडचण नाही.

त्या वर्षी परीक्षा हुकली. तेव्हापासून वाचून, डॉक्टरांना विचारून आणि पंचवीस वर्षं मुलींचे पाय बघून जे जमा झालं, ते इथे लिहिते आहे. नाचणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलींसाठी आहे, त्यांच्या आयांसाठी आहे आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांसाठी तर आहेच.

पाळीचा आणि पायाच्या हाडाचा संबंध काय?

हाड हे घरातल्या जुन्या भिंतीसारखं असतं, त्याची डागडुजी सतत चालू असते. काही पेशी जुना भाग खरवडून काढतात, काही नवा भरतात. खरवडणाऱ्यांना आवरून धरायचं काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं. मुलगी जेवढं नाचते तेवढं खात नसेल, तर शरीर काटकसर सुरू करतं. जे काम आज केलं नाही तरी जीव जाणार नाही ते आधी बंद, आणि पाळी त्या यादीत वरती असते. मेंदूकडून बीजकोशांना जाणारा निरोप थांबतो, इस्ट्रोजेन घसरतं, खरवडणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. शिवाय उपाशी शरीर भरण्याचं कामही मंदावतं. अशा भिंतीवर रोज हजारो वेळा अनवाणी पाय आपटला की चीर जाणारच.

यात नवीन काही नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ७५ व्यावसायिक बॅले नर्तिकांचा अभ्यास छापून आला. ज्यांची पाळी उशिरा सुरू झाली किंवा दीर्घकाळ बंद राहिली, त्यांच्यात हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त होतं. १९९०च्या दशकात अपुरं खाणं, बिघडलेली पाळी आणि ठिसूळ हाडं या तिघींच्या जोडणीला 'फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड' असं नाव मिळालं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ती कल्पना आणखी रुंद केली आणि 'रेड-एस' हे नाव दिलं, म्हणजे खेळाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणं. यात पुरुषही येतात आणि हृदय, रक्त, पचन, मनःस्थितीसुद्धा येते. ब्रिटनची बॉबी क्ले २०१५ साली १५०० मीटरची युरोपियन ज्युनियर विजेती होती. दोन वर्षांनी, अवघ्या विसाव्या वर्षी, तिने जाहीरपणे लिहिलं की आपल्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आहे आणि पाळी कधी आलेलीच नाही. पोहण्याच्या तलावात भिंतीवर पाय रेटून वळताना तिचा पाय मोडला होता.

वयाचा मुद्दा आया विसरतात. मुलींच्या हाडात सगळ्यात झपाट्याने भर पडते ती साधारण बारा ते चौदाच्या आसपास, आणि अठरापर्यंत बहुतेक पुंजी जमा झालेली असते. म्हणजे विशारदच्या आधीच्या प्रवेशिका-मध्यमाच्या परीक्षांची वर्षं आणि ही वर्षं एकच. तेव्हा बुडालेलं नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही.

वही घाला

मोबाईलमध्ये अ‍ॅप आहेत, पण मी मुलींना साधी पाठकोरी वही घालायला सांगते. तारीख, किती दिवस, रियाजाचे तास, आणि कुठे दुखलं तर तो भाग. बस. वही तिचीच, मी उघडून बघत नाही.

कशाला घाबरायचं ते आकड्यांत सांगते. पंधरा पूर्ण झाली आणि पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टर. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टर. पाळी सुरू होऊन काही वर्षं झाली आहेत आणि दोन पाळ्यांतलं अंतर सारखं पस्तीस दिवसांच्या वर जातंय, किंवा वर्षात नऊपेक्षा कमी वेळा आली, तरी दाखवा. पहिली दोन-तीन वर्षं थोडं मागेपुढे होतं, ते वेगळं.

कार्यक्रमासाठी किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही लिहा. आपल्याकडे त्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात आणि दोन दिवसांत विसरल्या जातात. मग महिन्यांचा हिशेब लागत नाही.

माझ्या भाचीची गोष्ट. ती लांब पल्ल्याचं धावायची. तिच्या प्रशिक्षकांनी मैदानावर सगळ्या मुलींसमोर सांगितलं होतं की पाळी गेली म्हणजे सराव बरोबर चाललाय असं समजा. माणूस वाईट नव्हता, त्यालाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. पण वर्षभरात तिच्या नडगीला दोनदा चीर गेली. पाळी बंद होणं ही कष्टाची पावती आहे हा समज आपल्याकडे मैदानांवर आणि क्लासांत अजून जिवंत आहे. तो सोडून द्या.

'पीसीओडी'चं लेबल

या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त राग इथेच येतो. पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीजकोशातून बीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी अनियमित होते, तो विकार.

सडपातळ, रोज दोन-तीन तास नाचणारी सतरा वर्षांची मुलगी. पाळी चार महिने नाही. आई सोनोग्राफी करून आणते, रिपोर्टमध्ये बीजकोशात बारीक बारीक फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) दिसतात, आणि शेजारणीपासून मावशीपर्यंत सगळ्या म्हणतात, पीसीओडी आहे, भात बंद कर, गोड बंद कर, वजन उतरव. माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत अगदी हेच झालं. मुळात जी कमी खात होती, तिला आणखी कमी खायला सांगितलं गेलं. पाचव्या महिन्यात तिच्या डाव्या नडगीचा एमआरआय काढावा लागला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. किशोरवयात सोनोग्राफीत असं चित्र दिसणं सर्रास असतं. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. दुसरं, अपुऱ्या खाण्यामुळे पाळी गेलेल्या मुलींमध्येही असेच बीजकोश दिसू शकतात. दोन्हींचे उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "हिला पीसीओएसच आहे, की खाणं आणि व्यायाम यांचा मेळ बसत नाहीये?" थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन या संप्रेरकांच्या रक्ततपासण्यांनी बराच उलगडा होतो. गर्भधारणेची तपासणीही सांगतील. ती सगळ्यांनाच सांगतात, त्यावरून दवाखान्यात रुसवेफुगवे करू नका.

आणि ती 'पाळी नियमित करायची' गोळी. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, आईच्या जिवाला बरं वाटतं, पण ती मुलीची स्वतःची पाळी नसते. खाणं कमी पडल्यामुळे गेलेल्या पाळीवर, केवळ रक्तस्राव सुरू व्हावा किंवा हाडं सुधारावीत म्हणून या गोळ्या देऊ नयेत, असं संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या संघटनेनेच २०१७ साली सांगितलं आहे. उलट मूळ बिघाड झाकला जातो. दुसऱ्या कारणासाठी कुणाला चालू असतील तर मात्र हे वाचून मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

किती खायचं, याचा हिशेब

कॅलऱ्या मोजायला मी मुलींना शिकवत नाही, तो नाद लागला की सुटत नाही. पण एकदा आयांना बसवून गणित दाखवते.

समजा मुलगी ४८ किलोची आहे, त्यातली चरबी वजा केली तर साधारण साडेसदतीस किलो उरतात. या प्रत्येक किलोमागे दिवसाला ४५ कॅलरी शरीराच्या रोजच्या कामाला मिळाल्या तर सगळं सुरळीत चालतं. म्हणजे जवळपास १७००. दोन तासांच्या दमदार रियाजाला साडेचारशेच्या आसपास जातात, त्या वेगळ्या. म्हणजे या मुलीने दिवसाला २१०० च्या पुढेमागे खायला हवं. किलोमागे ३० च्या खाली गेलं की धोक्याचा पट्टा सुरू होतो. रियाजाच्या साडेचारशे धरून तिच्यासाठी तो साधारण १६०० ला लागतो.

आता तिचा खरा दिवस बघा. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. कॉलेजात डबा, दोन पोळ्या-भाजी. पाचला क्लास. सुटल्यावर मैत्रिणींबरोबर अर्धा वडापाव. रात्री एक पोळी, वरण, "भूक नाही गं". ओढूनताणून हे बाराशे-तेराशेच्या पुढे जात नाही. ही मुलगी डाएट करत नाहीये, कुणी तिला उपाशी ठेवत नाहीये. नुसतं वेळापत्रक असं आहे. आणि वजन कमी होतंय का हे बघून फसू नका. शरीर खर्च कमी करून वजन तेवढंच राखतं, पाळी मात्र जाते.

दिवसाला तीनशे ते सहाशे कॅलरीची भर घालायची. आपल्या घरात हे अजिबात अवघड नाही: क्लासच्या आधी दोन केळी, क्लास सुटल्यावर मोठा पेलाभर दूध आणि मूठभर दाणे किंवा चिक्की. झाल्या की पाचशेच्या आसपास. भात बंद केला असेल तर पहिल्यांदा तो सुरू करा. वरण-भात-तूप खाऊन कुणाची चक्करं (नाचातल्या गिरक्या) बिघडल्याचं मी बघितलेलं नाही, उपाशीपोटी बिघडलेली रोज बघते. साडेबाराला डबा आणि नऊला जेवण, मध्ये दोन तास तत्कार, ही फट सगळ्यात वाईट. दिवसाची बेरीज बरोबर असली तरी एवढी लांब फट हाडांना मानवत नाही.

उपवासांबद्दल बोलले की आज्या चिडतात, तरी बोलते. संकष्टीला एक दिवस साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याने काही होत नाही. पण मंगळवार, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि वर नवरात्राचे नऊ दिवस, आणि त्याच नऊ दिवसांत पाच कार्यक्रम, हे गणित कुठल्याच देवीला मान्य नसेल. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याचा लाडू, दाण्याची आमटी आणि वरीचा भात, दही, रताळं, दूध असा भरपेट करा. त्या आठवड्यात रियाज निम्म्यावर आणा.

कॅल्शियम, आणि ऊन

गोळीची चौकशी सगळ्या करतात, म्हणून हे लवकर उरकते. आपल्या देशाच्या शिफारशीप्रमाणे तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलींना दिवसाला १००० मिलिग्रॅम, सोळा ते अठराच्या मुलींना १०५० आणि मोठ्या बायकांना १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन पेले दूध, एक वाटी घट्ट दही, एक नाचणीची भाकरी आणि चमचाभर तिळाची चटणी, एवढ्यात जवळपास हजार भरतात. दूध न चालणाऱ्यांना नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, काट्यांसकट खाल्लेले छोटे मासे. पालकाच्या कॅल्शियमवर विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट ते अंगी लागू देत नाही. गोळी लागलीच तर एका वेळी पाचशेच्या आत, आणि लोहाच्या गोळीबरोबर नको, दोघी एकमेकींच्या वाटेत येतात.

ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर आमच्या मुली सकाळी अंधारात लोकल पकडतात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नाचतात. ऊन मिळणार कुठून? आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, कोवळं ऊन फारसं नाही. रक्त तपासून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. ती साठ हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. आमच्याकडे एका आईने ती मुलीला दुधातून रोज द्यायला सुरुवात केली होती, चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं म्हणून थांबलं.

मात्र खाणं कमी आणि पाळी बंद असताना नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या गिळणं म्हणजे गवंडी सुट्टीवर असताना दारात सिमेंटची पोती आणून टाकणं.

पाय मारायचे किती आणि कशावर

'नाचतेच की रोज, तिची हाडं मजबूतच असणार.' अर्धं खरं. हाडांना धक्का लागतो म्हणून ती घट्ट होतात, पण ती फार लवकर कंटाळतात. एकाच प्रकारचे चाळीस-पन्नास धक्के बसले की त्यांना जेवढं कळायचं तेवढं कळतं. पुढचे दोन हजार फक्त झीज करतात. काही तासांनी ती पुन्हा ऐकायला तयार होतात. म्हणून आठवड्यातून तीनदा मी मुलींना पुढे, मागे, बाजूला अशा वीस-वीस उड्या दोन खेपांत मारायला लावते, दोरीवरच्या उड्याही चालतात. शिवाय बैठका, आणि एका पायावर टाच उचलणं. टाच उचलण्याची एक चाचणीच आहे. भिंतीला बोटं टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर पंचवीस वेळा पूर्ण उंच टाच उचलता आली पाहिजे. माझ्या विशारदच्या मुलींपैकी निम्म्या पहिल्या वेळी पंधरावर थांबल्या. पोटरी दमली की धक्का थेट हाडात जातो. पोहणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मुलींनी तर हे करावंच, कारण त्यांच्या खेळात हाडांना धक्काच नसतो. धावणाऱ्यांनी वजनं उचलावीत. बाई दिसणार नाही वगैरे चर्चा बाजूला ठेवा.

चिरा कधी जातात? माझ्या अनुभवात दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि उन्हाळी कार्यशाळेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. महिनाभर आडवं पडून मग एकदम रोज पाच तास. हाड खरवडणं आधी होतं आणि भरणं मागून येतं, त्या मधल्या काळात ते सगळ्यात नाजूक असतं. म्हणून सुट्टीनंतरचा पहिला आठवडा मी निम्म्या वेळाचा ठेवते, पुढे हळूहळू चढवते, आणि दर चौथ्या आठवड्यात पुन्हा उतरवते. त्या आठवड्यात पढंत (बोल तोंडाने म्हणणं), हस्तक (हातांच्या हालचाली), ठाट (उभं राहण्याची ढब). पालक म्हणतात फी पूर्ण आणि नाच अर्धा. म्हणू देत.

आमच्या हॉलची फरशी म्हणजे काँक्रीटवर व्हिट्रिफाइड टाइल. तिच्यावर अनवाणी तत्कार करणं क्रूरपणा आहे. लाकडी फ्लोअर परवडण्यासारखा नव्हता, म्हणून मी रबरी मॅट आणि वर जाड मरीन प्लायच्या पाट्या घातल्या. पाय मारल्यावर आवाजही छान येतो. घरी रियाज करणाऱ्यांनी दोन बाय तीन फुटांची पाटी केली तरी चालेल. योगा मॅटवर मात्र चक्कर घेऊ नका, पाऊल अडकतं आणि गुडघा फिरतो. आणि लहान मुलींच्या पायात दीडशे घुंगरांची हौस नको. आयांना फोटोत बरं दिसतं, एवढंच.

कुठलं दुखणं थांबवायचं

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखतंय, गरम झाल्यावर कमी होतंय, तर तो बहुधा स्नायूंचा आणि हाडावरच्या आवरणाचा ताण आहे. रियाज कमी करा, पोटरी मजबूत करा, दोन आठवडे बघा. पण "कुठे दुखतं?" विचारल्यावर मुलगी एका बोटाने नेमकी एकच जागा दाखवत असेल, तिथे दाबल्यावर कळवळत असेल, नाचताना वाढत जात असेल आणि मग रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला चीर आहे असंच धरून चाला. उडी मारून दाखव बघू, असं म्हणू नका. वेदनाशामक गोळी घेऊन परीक्षा मारून नेऊ नका. मी नेऊ पाहिली होती.

काही जागा जास्त घातक: जांघेत खोलवर दुखणं, नडगीचा पुढचा मधला भाग, घोट्याच्या पुढे पावलाचा वरचा उंचवटा, पावलाची बाहेरची कड, आणि दुसऱ्या बोटाच्या हाडाचं मूळ. इथल्या चिरा भरता भरत नाहीत किंवा पूर्ण मोडतात. जांघेतल्या दुखण्याला तर त्याच दिवशी दवाखाना, तोही त्या पायावर भार न देता. खुब्याचं हाड पूर्ण सरकलं तर शस्त्रक्रियेवर जातं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरे स्वच्छ येऊ शकतो. तो स्वच्छ आला म्हणून पाय मोकळा नाही. दुखणं नेमकं एकाच जागी असेल तर एमआरआयबद्दल विचारा.

दवाखान्यात जाताना एक चिठ्ठी लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर मुलींची दातखीळ बसते. शेवटच्या पाळीची तारीख, गेल्या वर्षात किती वेळा आली, पहिली कितव्या वर्षी, वर्षभरातला वजनाचा चढउतार, आठवड्याचे रियाजाचे तास आणि ते अलीकडे कधी वाढले, आधी कुठलं हाड मोडलंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. हाडाच्या डॉक्टरांनी पाळीचं विचारलं नाही तर आपणहून सांगा. सहा महिन्यांहून जास्त पाळी नसेल किंवा दुसऱ्यांदा चीर गेली असेल, तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करावी का हे विचारा. त्या रिपोर्टमधला टी-स्कोअर उतारवयातल्या बायकांसाठी असतो, तरुण मुलीचा झेड-स्कोअर, म्हणजे तिच्याच वयाच्या मुलींशी केलेली तुलना, बघायचा. उणे दोन किंवा त्याखाली म्हणजे वयाच्या मानाने कमी. पण पायावर भार घेऊन नाचणाऱ्या-धावणाऱ्या मुलीचा उणे एकच्या खाली असेल तरी डॉक्टरांशी बोला, कारण तिची हाडं खरं तर सरासरीपेक्षा घट्ट असायला हवीत.

खाण्याचा विषय काढला की मुलगी रडत असेल, लपवून फेकत असेल, आरशासमोरून हलत नसेल, तर आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवा. हे माझ्या आवाक्यातलं नाही आणि तुमच्याही नसणार. आमच्या हातात एवढंच आहे की आम्ही शिक्षकांनी क्लासमध्ये "पोट आत घे, जाड झालीस" म्हणणं बंद करायचं. मी म्हणायचे. आता "कणा उंच" म्हणते, काम तेच होतं.

परत उभं राहताना

पंज्याची साधी चीर सहा ते आठ आठवड्यांत भरते, घातक जागांना जास्त वेळ लागतो. पाळी परतायला त्याहूनही जास्त, सहा महिने, वर्ष. माझी नवव्या महिन्यात आली. हाडांची भरपाई सगळ्यात शेवटी.

या काळात मुलीला क्लासला बोलवा, घरी बसवू नका. कथकमध्ये तर सोय आहेच. लखनौ घराण्याचे शंभू महाराज बसल्या बसल्या भाव दाखवण्यासाठी प्रसिद्ध होते. ठुमरीची एक ओळ घेऊन बसून दहा तऱ्हांनी अभिनय करायला लावा. पढंत पक्की करून घ्या. त्या वर्षी माझी लयकारी जेवढी सुधारली तेवढी आधीच्या चार वर्षांत सुधारली नव्हती.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि दिवसभर चालून अजिबात दुखत नाही, मग बूट घालून साधी पावलं. त्यानंतर पाटीवर ठायलयीत पाच मिनिटं तत्कार, एक दिवस आड. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी मागे. नाहीतर दर आठवड्याला थोडी मिनिटं वाढवायची. आधी वेळ वाढतो, मग लय, दोन्ही एकदम वाढवायचे नाहीत. दुगुण निर्धास्त जमली की चौगुण. चक्कर त्यानंतर, आधी तीन, मग पाच, कारण टाचेवर सगळा भार येतो. घुंगरू सगळ्यात शेवटी. माझ्या कपाटात पन्नास-पन्नासची एक जुनी जोडी यासाठीच ठेवलेली आहे. दुखण्यातून उठलेली मुलगी आधी ती बांधते, आणि वहीत एक तरी तारीख पडली आहे असं तिने सांगितल्याशिवाय मी तिला तिचे शंभर परत देत नाही.